मतदारसंघाबाहेरचे खासदार

माझ्या बायकोच्या मामांइतका हरलेला माणूस मी नाशिक जिल्ह्यात दुसरा पाहिलेला नाही, आणि नवल असे की ते आयुष्यात एकही निवडणूक हरलेले नाहीत. लोकसभेला ते एकदाच उभे राहिले आणि निवडून आले. त्या वर्षी पक्षातले दोन मातब्बर पुढारी तिकिटासाठी एकमेकांच्या उरावर बसले होते. एकाला दिले तर दुसरा पाडणार, हे वरच्यांनी ओळखले आणि दोघांनाही ज्याची धास्ती वाटत नाही असा माणूस शोधला. तो माणूस म्हणजे मामा. इगतपुरीकडचे भातशेतीवाले, आवाज खणखणीत, आणि ओळख असो वा नसो, कुणाच्याही दहाव्याला नदीवर हजर राहून गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलणारे. एका दहाव्याला तर ते चुकून शेजारच्या घोळक्यात शिरले आणि भलत्याच म्हाताऱ्याबद्दल इतके बोलले की त्याची मुले रडायला लागली. "मयताच्या नातेवाइकांनी निवडून दिलेला खासदार," असे मामी त्यांना म्हणत.

दिल्ली त्यांना मानवली नाही. थंडीत ते स्वेटरवर जाकीट आणि जाकिटावर घोंगडी घेऊन बंगल्याच्या ओट्यावर बसत आणि गावाकडून आलेल्यांना स्वतः चहा करून देत. संसदेत त्यांना एकच गोष्ट मागायची होती. त्यांच्या गावाजवळच्या छोट्या स्टेशनवर सकाळची एक गाडी थांबावी, म्हणजे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर आणि नाशिकरोडला कामाला जाणाऱ्या पोरांची सोय होईल. भाषण त्यांनी आरशासमोर पाठ केले होते. त्यांची पाळी आली तेव्हा सभागृहात दुसऱ्याच कशावरून गोंधळ चालला होता आणि भाषण लिहून आणले असेल तर पटलावर ठेवा असे त्यांना सांगण्यात आले. मामांनी ठेवले. गाडी आजही थांबत नाही. न झालेले ते भाषण मात्र आमच्या सगळ्या नातेवाइकांनी ऐकले आहे. माझ्या लग्नात तर मंगलाष्टकांनंतर लगेच.

पुढच्या वेळी तिकीट मिळणार याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. यादी जाहीर होणार त्या दिवशी अंगणात मांडव घातला होता, ढोलवाले बसवून ठेवले होते, पेढे आले होते. दुपारी टीव्हीवर दुसऱ्याच माणसाचे नाव झळकले. दोन्ही मातब्बरांचा समेट झाला होता. एकेक कार्यकर्ता चप्पल शोधू लागला. मामांनी पेढ्यांचे ताट उचलले आणि निघालेल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "खा रे. पेढ्यांचा काय दोष हाय?" ढोलवाल्यांनाही त्यांनी थोडे वाजवायला लावले. इतके वाईट वाजलेले ढोल मी कधी ऐकले नाहीत.

त्यानंतर नाशिकच्या घरातली गर्दी ओसरत गेली. आधी फोन कमी झाले, मग लग्नपत्रिका, मग दहाव्याचे निरोप. मामा तरी जातच राहिले. पण आता माईकवाला त्यांचे नाव घेईनासा झाला, आणि ते मागे उभे राहून हात जोडून परत येत. घराचे पुढचे दार मात्र दिवसभर उघडे ठेवत. लोकांना वाटायला नको, खासदार झोपलाय, असे त्यांचे म्हणणे. दारातून येई ती बहुतेक धूळ.

अशाच एका सकाळी मालेगावचा एक यंत्रमागवाला आला. मी तिथेच होतो. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ होती, तिला बाहेर रिक्षात बसवून तो एकटाच आत आला. इथल्या सरकारी रुग्णालयात आपली दाद लागणार नाही अशी भीती त्याला कुणी तरी घातली होती. मामी आतून हळूच म्हणाल्या, "अहो, मालेगाव आपल्या मतदारसंघात कुठे येतं?"

"माजी खासदाराला मतदारसंघ नसतो," मामा म्हणाले आणि त्यांनी एका अधिकाऱ्याला फोन लावला. फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. मी शेजारीच बसलो होतो, मला ते नीट ऐकू येत होते. मामांनी एकदा त्या माणसाकडे पाहिले आणि बोलायला सुरुवात केली. नमस्कार केला, मुलाबाळांची विचारपूस केली, मालेगावचे आपलेच पाहुणे आहेत म्हणून सांगितले, मध्येच हसलेसुद्धा. मग फोन ठेवून त्याला म्हणाले, "काम झालं. उद्या सकाळी रुग्णालयातच या."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी मला गाडी काढायला लावली. रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत ते स्वतः उभे राहिले. खादीचा कडक सदरा, पायांना सूज. मी जागा घेतो म्हटले तर म्हणाले, "जावई, शब्द मी दिलाय." खिडकीतल्या मुलीने "बाबा, पेशंट कोण?" असे विचारले, तेव्हा ते क्षणभर गडबडले, त्यांना बाबा म्हणायची कुणाला सवय नव्हती. त्या बाईला दाखल करून घेतले, ऑपरेशनही झाले. ती घरी गेली, आणि हिवाळ्यात गाठ पुन्हा आली. त्या वेळी काही उपाय राहिला नव्हता.

ती गेल्याचे कळले तेव्हा मामा मालेगावला निघाले. मागांच्या खडखडाटात, एका अरुंद खोलीत तो माणूस आमच्यासमोर बसला. मामांनी बोलायला तोंड उघडले, आणि दहाव्यांवर आयुष्य काढलेल्या त्या माणसाला एक वाक्य सुचेना. शेवटी म्हणाले, "माझ्याच्याने काही झालं नाही भाऊ. तो फोनसुद्धा कुणी उचलला नव्हता."

"मालूम था साहब," तो म्हणाला. "उसी दिन मालूम था. लाईनमें आपको देखा, तभी समझ गया." मग आमच्यासाठी मराठीत बोलला, "ती पण बोलली होती. आपल्यासाठी कोणी तरी उभं राहिलं."

मामांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ सोडला नाही.

परतताना ते पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसले. मला वाटले, आता ते त्या न झालेल्या भाषणाकडे वळतील, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी ते ऐकायला मला आवडले असते. चांदवडचा घाट ओलांडेपर्यंत त्यांची मान खिडकीकडे कलंडली होती. नाशिकला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मामी फाटकापर्यंत आल्या, त्यांनी काचेतून आत डोकावले आणि मला बोटाने गप्प राहायची खूण केली. इंजिन बंद केले असते तर मामांना जाग आली असती. म्हणून मी ते चालूच ठेवले, आणि आम्ही दोघे तसेच थांबलो.