पीटर केलीचं आडनाव

पीटर गेला त्याला आता सात आठवडे झाले. त्या सकाळी इथे सिंगापुरात ऑफिसला जायला बिशानच्या स्टेशनात शिरत होतो, तेवढ्यात फोन वाजला. एरवी अनोळखी नंबर मी उचलत नाही, त्या दिवशी का उचलला कोण जाणे. इस्पितळातली एक नर्स बोलत होती. मिस्टर केलींच्या फोनमध्ये अडीअडचणीला कळवायचा म्हणून माझा नंबर होता. सकाळी ते त्यांच्या ब्लॉकखाली, म्हणजे राहत्या इमारतीखाली, कोसळले, हृदय बंद पडलं, इथे आणेपर्यंत काही उरलं नव्हतं, असं तिने फार हळुवारपणे सांगितलं. मग विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हटलं, मित्र. "मग जवळचे नातेवाईक कोण आहेत?" मी गर्दीतून बाजूला झालो, भिंतीला टेकलो... आणि म्हटलं, "तसं कुणीच नाही." पीटरने ज्या प्रश्नाच्या मागे आयुष्य घालवलं, त्याचं उत्तर मी त्याच्या वतीने फोनवर देऊन टाकलं होतं. शेवटच्या दहा महिन्यांत मी त्याला एकदाही भेटलो नव्हतो, हे मात्र तिला सांगितलं नाही.

आमची ओळख हार्बरफ्रंटच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे स्वस्त जेवणाच्या गाळ्यांच्या मंडईतली. मी तिथल्या एका कंपनीत हिशेबनीस, तो समोरच्या इमारतीत जहाजांची तपासणी करणाऱ्यांच्या ऑफिसात. पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या मागच्या टेबलावर कुणीतरी फोनवर अस्सल मराठीत कुणाला तरी झापत होतं. मी आनंदाने मागे वळलो, तर लालसर गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, उन्हात केस तांबूस दिसणारा एक माणूस. गळ्यातल्या कार्डावर पीटर केली. फोन ठेवून तो मला म्हणाला, "काय बघताय? मराठीत शिव्या देणारा गोरा पाहिला नाही कधी?" त्या दिवसापासून आम्ही एकत्र जेवू लागलो. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पण पहिल्याच आठवड्यात अरेतुरेवर आलो. माझ्या जिभेला हाड नाही, आणि त्याला टोमणे आवडायचे. म्हणजे मला तसं वाटायचं.

तो वसईकडच्या एका अनाथाश्रमात वाढला. आश्रम परदेशी सिस्टर चालवायच्या, शाळा मराठी. तिथल्या मुलांना पोर्तुगीज वळणाची आडनावं होती, केली हा एकटाच. लहानपणीच त्याने त्यातून आपली गोष्ट रचली होती. बाप आयरिश, बहुतेक बोटीवरचा अधिकारी, आई इथली, दोघांना कुणी लग्न करू दिलं नसणार... डोळे बापाचे, आडनाव बापाचं. म्हणूनच तो जहाजावर गेला, इंजिनिअर झाला, सिंगापूरला उतरला, इथला नागरिक झाला, चोआ चू कांगला फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. का केलं नाही असं माझ्या बायकोने, माधुरीने, एकदा विचारलंच. तेव्हा म्हणाला, "वहिनी, पोरीच्या बापाने पहिला प्रश्न विचारला असता, कुठले केली तुम्ही? काय सांगू?"

गणपतीत मी त्याला मंडळात घेऊन गेलो होतो. जो तो त्याच्याशी इंग्रजीत बोलायला यायचा. तो मराठीत उत्तर द्यायचा, की बायका कौतुकाने म्हणायच्या, किती छान शिकलात हो मराठी! दुसरी कुठली भाषा ज्याला आईची म्हणता येत नव्हती त्याला हे ऐकायला लागत होतं, आणि तो हसून आभार मानत होता. मार्चमध्ये आयरिश लोकांचा सण असतो तेव्हा तो हिरवा टाय लावून त्यांच्यात जायचा. तिथे विचारायचे, खरे कुठले तुम्ही? पुढच्या वर्षी तो दोन्हीकडे गेला नाही. मी म्हटलं, बरंय, दोन्हीकडची वर्गणी वाचली. तो हसला होता, एवढं आठवतं.

ही जनुकांची तपासणी त्याने शोधून काढली ती साठी ओलांडल्यावर. बापाकडून मुलाला, त्याच्याकडून त्याच्या मुलाला जे जसंच्या तसं येतं ते तपासतात आणि त्याच आडनावाच्या इतर पुरुषांशी जुळवून पाहतात. केली नावाच्या लोकांचा एक गटच होता, जगभर पसरलेला. केली घराणं एक नाही, चांगली चार-पाच आहेत, एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं की आमच्या कुळाबद्दल मला तेवढं ठाऊक नाही. त्याचा ओढा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या केलींकडे होता. का, तर ते समुद्राजवळचे. नमुना द्यायला तो मुद्दाम आमच्या घरी आला, एकट्याने करवेना म्हणाला. आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, अशी सूचना होती. माधुरीने साबुदाण्याची खिचडी केली होती, ती समोर निवत होती आणि हा घड्याळाकडे बघत बसलेला. मग गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, नळीत बंद केली, आणि हात जोडले. मी म्हटलं, आमच्यात मुलगी बघायला आल्यावर कूळ विचारतात, तू गाल खरवडून विचारतोस. माधुरीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिकडे केलींचा मेळावा होता. निकाल यायच्या आत त्याने जाड लोकरीचा कोट घेऊन ठेवला. सिंगापूरच्या उकाड्यात तो कोट घालून आरशासमोर उभा राहिलेला पीटर मी पाहिलाय.

निकाल आला त्या शनिवारी त्याने फोन करून "जरा येतोस का" एवढंच म्हटलं. संगणकावर जगाचा नकाशा उघडा होता. आयर्लंड कोरंच होतं. रंग भरलेला होता तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, वरपासून खालपर्यंत. एकाही केलीशी काही जुळत नव्हतं. खाली दूरच्या नातलगांची यादी होती, कुणी अमेरिकेत, कुणी दुबईत, पण आडनावं सगळी आपल्याकडची, माझ्या शाळेच्या हजेरीपटावर शोभतील अशी. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "अरे, असले डोळे कोकणात गल्लोगल्ली सापडतात." त्याने यादीतल्या सात जणांना पत्रं लिहिली. एकाने उत्तर दिलं, मोठ्या आपुलकीने विचारलं की आपलं मूळ गाव कोणतं आणि आपण कोणाचे. पीटरने खरं काय ते कळवलं. त्यानंतर तिकडून काही आलं नाही.

मग त्याला एकच गोष्ट राहिली, आडनाव. रक्त इथलं, तर केली आलं कुठून? मेळाव्याचं त्याने कधीच सोडून दिलं, पण आश्रमाला पत्र पाठवलं, पुन्हा पाठवलं, आणि अखेर तिथल्या एका भल्या सिस्टरने जुन्या नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. तो फोन घेऊन दुपारी हॉकर सेंटरला आला. चष्मा विसरला होता, की वाचायचं धाडस नव्हतं, माहीत नाही. म्हणाला, तू वाच. आश्रमातल्या कुणा कारकुनाचं सुबक मराठी अक्षर होतं. मी मोठ्याने वाचलं, "केळीत सापडला. अंदाजे वीस दिवसांचा. प्रकृती ठीक." आणि त्याच ओळीसमोर, वेगळ्या शाईत, तिरक्या इंग्रजी अक्षरांत, पीटर केली.

वसई, केळीच्या बागा... आणि ळ न येणारी कुणी परदेशी सिस्टर. कारकुनाने सांगितलं असणार, "केळी, सिस्टर, केळी," आणि तिला आपल्या गावाकडचं नाव ऐकू आलं असणार. पंधरा वर्षं मी या माणसाची थट्टा करत होतो, पण ही कोटी मलाही कधी सुचली नव्हती, कारण त्याचं आडनाव मी कायम इंग्रजीतच ऐकलं होतं. आणि मी हसलो. हसलो म्हणजे किती, तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलावर हात आपटून, शेजारचे लोक वळून बघेपर्यंत हसलो. पीटरने माझ्याकडे पाहिलं, मग तोही हसायला लागला. बराच वेळ आम्ही दोघं हसत होतो. मग त्याने फोन खिशात घातला आणि म्हणाला, "सदुसष्ट वर्षं मी एका बागेच्या नावाने सही करतोय रे." थाळी तशीच ठेवून तो निघून गेला. मी ती उचलून उष्ट्या भांड्यांच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली, आणि तेव्हा मला कळलं की आपण काय केलं.

त्याच महिन्यात त्याने काम सोडलं. मी फोन करायला हवा होता. रोज वाटायचं, उद्या करू. माफी मागायची तर कशा शब्दांत, हे जुळेना, आणि नुसतं "काय चाललंय" विचारायची लाज वाटायची. त्याचाही फोन नाही, म्हणजे त्याच्या मनात अढी बसली, असं मी धरून चाललो. भाऊबीजेला माधुरी दरवर्षी त्याला ओवाळायची, या वर्षी तिने निरोप पाठवला तर त्याने तब्येतीचं कारण सांगितलं. तिने मला विचारलं, तुमचं काही झालंय का? मी नाही म्हणालो. एकदा बिशानच्या फलाटावर तो पलीकडच्या बाजूला दिसला. वाळलेला वाटला, हातात खताची पिशवी. त्याने हात वर केला, मीही केला. मध्ये गाडी आली. गाडी गेल्यावर तो तिथे नव्हता. पलीकडे जायला चाळीस पायऱ्यासुद्धा नव्हत्या, त्या मी उतरलो नाही.

चर्चमध्ये आम्ही आठ जण होतो. त्याच्या ऑफिसातले तिघं, मजल्यावरचं एक म्हातारं जोडपं, मी, माधुरी, आणि शेवटच्या बाकावर उन्हाची टोपी मांडीवर घेऊन बसलेली सत्तरीची एक चिनी बाई. सगळं आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, मी टॅन, ब्लॉकखालच्या रहिवाशांच्या बागेचं बघते. मिस्टर केलींचा तिथे वाफा आहे, तो आता दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल, घाई नाही, पण येऊन बघून जा.

पुढच्या रविवारी गेलो. सगळ्यांच्या वाफ्यात पालक, मिरची, लेमनग्रास. पीटरच्या वाफ्यात एकच झाड, केळीचं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, खाली केळफूल लोंबतंय आणि वर हिरव्या केळ्यांचे तीन-चार फणे. टॅन आंटी सांगू लागल्या. आधी शेजाऱ्यांनी फार विरोध केला, कारण इकडे लोक मानतात की केळीत बाईचं भूत राहतं. तर केली त्यांना म्हणाले, मी वीस दिवसांचा होतो तेव्हा तिनेच मला सांभाळलं, आता ती मला काय करणार? सगळे हसले आणि विरोध तिथेच संपला. रोज सकाळी ते इथे यायचे. बोलायचे कमी, पण ही नावाची गोष्ट त्यांनी प्रत्येकाला सांगितली होती, त्या वहीची, त्या सिस्टरची. सांगताना स्वतःच हसायचे. आणि आंटींना त्यातलं काही हसण्यासारखं वाटलं नाही, की म्हणायचे...

"म्हणायचे, तुम्हाला नाही कळणार. हे कळून हसणारा एकच माणूस आहे या शहरात. माझा भाऊ. बिशानला राहतो." आंटी माझ्याकडे बघत होत्या. "मी विचारायचे, मग त्याला आणत का नाही? तर म्हणायचे, केळी पिकली की बोलावतो."

मी तिथल्या कठड्यावर बसलो. तो रागावला नव्हता. त्याच्या मनात अढी नव्हती. तो घड पिकायची वाट बघत होता, आणि मी त्याच्या रागाची खात्री बाळगून दहा महिने घरी बसलो होतो. शेजारच्या वाफ्यात कुणीतरी झारीने पाणी घालत होतं. आंटींनी मला पाण्याची बाटली दिली आणि बुंध्याशी फुटलेली दोन पिल्लं दाखवली. आमच्याकडे त्यांना पिल्लंच म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं. केळीच्या पिल्लाला आई कोण ते शोधावं लागत नाही, ती शेजारीच उभी असते.

मग त्यांनी खाली वाकून वाफ्यातली पाटी उपटली. इथे प्रत्येक वाफ्याला मालकाच्या नावाची पाटी असते, माणूस गेला की ती काढायची असा नियम आहे. पाटीवर इंग्रजीत केली असं रंगवलेलं होतं आणि त्याखाली, थोड्या थरथरत्या देवनागरीत, केळी. माती पुसून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, हे खाली काय लिहिलंय? आम्हाला कुणालाच वाचता येत नाही.

मी पाटीकडे पाहिलं. मला हसू आलं, खरंच आलं, आणि या वेळी बरोबर हसायला कुणी नव्हतं.

"हे माणसाचं नाव नाही," मी म्हटलं. "झाडाचं आहे. झाड आहे तोवर राहू द्या."

 आंटींनी पाटी माझ्याकडून परत घेतली, होती त्याच जागी रोवली, बाजूची माती पायाने दाबली आणि सरळ बसलीय का ते मला विचारलं.