गच्चीवर घातलेले सोडे

माझी बहीण फोनवर नेहमी म्हणते, "तुझं बरं आहे बाई, तिथे कपडे तरी वाळतात." आमच्या गावी, रत्नागिरीच्या अलीकडे, पावसाचे चार महिने चादरींना कुबट वास येतो. इथे कुवेतला एक चादर तारेवर टाकून दुसरी पिळेपर्यंत पहिली कडक झालेली असते. समुद्र दोन गल्ल्यांवर आहे, पण त्याच्यावरून ढग येत नाहीत. चार वर्षांत गडगडाटी पाऊस मी एकदाच पाहिला, तोही तासाभराचा. बाकी ऊन. सकाळी पडदा सारला की कालचंच ऊन समोर उभं.

ज्यांच्याकडे मी राहते त्या ताई आमच्याच तालुक्यातल्या. त्या आणि त्यांचे मिस्टर, म्हणजे दादा, दोघंही इथे डॉक्टर. मी सातवीत शाळा सोडलेली. नवरा गेल्यावर मला कामाला कोणी विचारेना, तेव्हा ताईंनी इथे आणलं. माझं ब्लडप्रेशर त्यांनीच ओळखलं, गोळ्या अजून त्याच देतात. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात असतो, हरवू नये म्हणून. त्यांची पाच वर्षांची मुलगी मला मावशी म्हणते. तिला दुपारी सव्वा एकला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं, हे माझं सगळ्यांत मोठं काम. बाकी दिवसभर मी आणि सातव्या मजल्यावरच्या बंद काचा.

गेल्या सप्टेंबरात दादांनी ताजी कोळंबी आणली. जेवताना ताई म्हणाल्या, "आईच्या हातची सोड्याची खिचडी खाऊन किती वर्षं झाली! इथे कुठले सोडे मिळायला?" सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबीच की. माझ्या डोक्यात तेच बसलं. एवढं ऊन रोज फुकट जातंय आणि ताईंना सोडे मिळू नयेत? या माणसांचे उपकार कशाने फेडायचे, हा घोर मला कायम असतोच. वाटलं, हे तरी आपल्याला येतं. दुसऱ्या दिवशी उरलेली कोळंबी सोलून, मीठ लावून ताटात घेतली आणि कोणाला न सांगता गच्चीवर गेले. विचारलं असतं तर ताई नको म्हणाल्या असत्या. गच्चीवर गेलं की हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, ओरडतो.

गच्चीचं दार सिमेंटचा एक ठोकळा लावून अर्धं उघडं ठेवलेलं होतं. मी जुनी चादर पसरली, कोळंबी एकेक सुटी मांडली, वर ओढणी टाकली. मग आमच्याकडे वाळवण घातल्यावर कोणतीही बाई करते तेच केलं. मांजर येऊ नये म्हणून दार लावून घेतलं. ठोकळा पायाने मीच सरकवला.

खट्ट आवाज आला. वळून बघते तर दाराला बाहेरून मूठच नव्हती. नुसता गुळगुळीत पत्रा.

फोन खाली चार्जिंगला. आधी मी हळू आवाजात हाका मारल्या, लाज वाटत होती म्हणून. मग जोरात. मग दोन्ही हातांनी दार बडवलं. वरच्या मजल्यावरचे सगळे कामावर गेलेले, आणि गच्चीवर एसीच्या मशिनींची अशी घरघर की माझंच ओरडणं मला ऐकू येईना. दुपारची अजान झाली. म्हणजे पावणेबारा. बसला दीड तास.

कठड्यावरून समुद्राची पट्टी दिसत होती, दुसऱ्या अंगाला मीना अल-अहमदीच्या तेल कारखान्याच्या धुराड्यांवरची ज्योत. खाली गाड्या जात होत्या, सगळ्यांच्या काचा वर. अशा उन्हात मान वर करून कोण बघतो? टाकीचा नळ सोडला तर चहाला ठेवल्यासारखं पाणी आलं. तेच डोक्यावर घेतलं आणि टाकीच्या हातभर सावलीत बसले. ती सावलीही सरकत होती.

गावी वाळवण घालताना अर्धी नजर आभाळावर असते. कुठे काळं दिसलं की "अगो, उचल, उचल" करत सगळ्या धावतात. तेव्हा त्या धावपळीचा वैताग यायचा. त्या दिवशी मी आभाळाकडे बघितलं तर त्यात काहीच नव्हतं. ऊन तापतंय म्हणजे पुढे काहीतरी येणार, असं इथे नसतं. एखादा ढग यावा, वारा सुटावा, कोणीतरी कपडे काढायला वर यावं... पण इथे कपडे काढायला कशाला कोण धावेल?

आणि डोळ्यांसमोर ती पोर. बसच्या पायरीवर उभी, पाठीवर दप्तर, मला शोधतेय. आपण मेलो तरी चालेल, पण तिला कोणी भलत्याच्याच हाती दिलं तर? मी पुन्हा कठड्याशी गेले. खाली गाड्यांच्या शेडमध्ये हारिस असणार, त्याची बादली शेडबाहेर दिसत होती. मी चादरीवरची कोळंबी ओंजळीने उचलली आणि बादलीच्या रोखाने फेकली. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. कचऱ्याच्या डब्याजवळची मांजरं धावली. एक धुतलेल्या गाडीच्या टपावर चढलं. हारिस फडकं उगारत बाहेर आला, त्याच्या खांद्यावर कोळंबी पडली आणि त्याने एकदाचं वर बघितलं.

दार उघडल्यावर तो बांगलादेशी बाबा थक्क होऊन म्हणाला, "दीदी, ये क्या! आसमान से चिंगड़ी मछली?"

"भाई, टाइम क्या हुआ?"

"डेढ़ बज गया. पहले पानी तो पियो!"

मी लिफ्टची वाट न बघता जिना उतरले. रस्ता रिकामा. बस येऊन गेली होती. घरात फोनवर ताईंचे अकरा मिस्ड कॉल. मी लावला तर त्या एवढंच म्हणाल्या, "ती माझ्याजवळ आहे. घ्यायला कोणी नाही म्हणून बसवाल्यांनी शाळेत परत नेली. तुम्ही कुठे होतात?"

त्या ड्यूटी सोडून धावल्या होत्या. घरी आल्यावर माझा भाजलेला चेहरा बघून आधी बीपी घेतलं, मग सगळं ऐकलं. मी म्हटलं, "ताई, मला परत पाठवू नका." त्या रडल्या. "परत कशाला पाठवू? तुम्हाला काही झालं असतं तर तुमच्या बहिणीला काय तोंड दाखवलं असतं मी?" पोर माझ्या मांडीत बसून म्हणाली, "मावशी, यू आर सो रेड."

त्याच आठवड्यात दादांनी घराच्या दारावर कॅमेरा बसवला. आता दाराबाहेर पाय टाकण्याआधी ताईंना मेसेज करायचा, फोन गळ्यात अडकवायचा, आणि बससाठी सोडून खाली जायचं नाही. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. माझ्यासाठी एवढी काळजी आजवर कोणी केली नव्हती.

रोज एक वाजता मी खाली उभी असते. पाचच मिनिटांत ताईंचा फोन येतो.

"उतरलात ना? उन्हात उभ्या राहू नका हं."

"नाही ताई, सावलीत आहे," मी सांगते. सावलीतून बसचं वळण दिसत नाही, म्हणून मी उन्हातच उभी असते.