हिरव्या खुणेखालचं आमसूल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी मागून परत येते. आज तुम्हाला सांगते. मन हलकं व्हावं म्हणून नाही हं — माझं मन चांगलं धडधाकट आहे. मला भूक लागते, झोप लागते, धंदा जोरात आहे. सांगते, कारण ते खरं आहे आणि ते फक्त मला एकटीला ठाऊक आहे.

मी रत्नागिरीत राहते, मांडवीच्या अलीकडे. आमसूल, सरबताला लागतं ते कोकमाचं आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ असलं सगळं मी ऑनलाइन विकते. फोनवर माझं दुकान उघडलंत तर नावाशेजारी एक हिरवी खूण दिसेल आणि तिच्याखाली शब्द — 'विश्वासू विक्रेता'. ती खूण अशी वाटेवर पडलेली मिळत नाही. माल वेळेत निघायला हवा, परत येता कामा नये, गिऱ्हाइकाने चांगलं लिहायला हवं. आणि एकदा मिळाली म्हणून जन्माची होत नाही, दर थोड्या दिवसांनी साइटवाले तपासतात.

पूर्वी बाजारात बायका आमसूल कसं घ्यायच्या? चिमटीत धरून, वास घेऊन, एखादं जिभेवर ठेवून. दुकानदार डोळे वटारायचा तरी ठेवायच्या. आता फोनच्या काचेतून काय चाखणार? म्हणून ती खूण. जिने मला जन्मात पाहिलं नाही अशी लांबची कुणी बाई ती खूण बघते आणि बिनधास्त मागवते. मला त्याचा अभिमान आहे, उगाच लाजत बसणार नाही. बचत गटाच्या बायका मला बोलावतात. गिऱ्हाइकाचा विश्वास कसा कमवावा, यावर मी तासभर बोलू शकते. आणि चांगली बोलते.

आता इथून पुढे जरा अडखळणार आहे मी. चालेल ना?

सुनंदावहिनी. माझी चुलत जाऊ, माझ्याहून मोठी. राहते गावच्या घरी, संगमेश्वरच्या बाजूला. नवरा मुंबईला नोकरीत, शिमग्याला नि गणपतीला यायचा. आमसूल करावं तर तिने — ही माझी नव्हे, अख्ख्या वाडीची साक्ष. तिला त्याच साइटवर दुकान मीच उघडून दिलं. फोटो मी काढले, कुरिअरवाला मी गाठून दिला. म्हणजे मी काही वाईट बाई नव्हते — बघा, लगेच स्वतःची वकिली सुरू झाली. ते जाऊ दे.

तिलाही हिरवी खूण मिळाली. त्या दिवशी तिने वाडीत साखर वाटली. येईल जाईल त्याला फोन उघडून दाखवायची, 'माजा नाव बगा.' लग्न झाल्यापासून तिचं नाव लिहिलं होतं कुठे? रेशनकार्डावर, नवऱ्याच्या नावाखाली. इथे ते एकटं होतं आणि त्याच्याशेजारी हिरवी खूण होती. मला हसू यायचं तिचं. थोडं — खरं सांगू? — थोडं डाचायचंही. कारण बायका तिच्या आमसुलाबद्दल जे लिहायच्या, ते माझ्याबद्दल कुणी लिहीत नव्हतं.

आमच्यात उसनं चालतं. चहा-साखरेचं सगळीकडेच चालतं म्हणा, पण आमच्यात मालाचंही. तुझा संपला, माझ्यातला ने, तुझा झाला की दे. लिहायचं नाही, मोजायचं नाही. त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला माझा माल तयार नव्हता, म्हणून मी वहिनीकडून गोणीभर आमसूल उसनं आणलं. ते हां हां म्हणता संपलं. एक तक्रार नाही, उलट शाबासकी. हे ध्यानात ठेवा, तिचा माल तेव्हाच विकून संपला होता.

मग माझा माल निघाला. आमसुलाचं काम असं — रतांबे, म्हणजे कोकमाची पिकली फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायची आणि उन्हात टाकायची. सुकली की परत रसात, परत उन्हात. याला आम्ही पुटं देणं म्हणतो. यात घाई चालत नाही. वरून काळंभोर दिसलं तरी पोटात ओल राहिली तर बुरशी धरते. कोकणातल्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मला तर नाहीच नाही.

त्या मे महिन्यात आभाळ भरून यायचं. ऊन धड पडेना आणि ऑर्डरी तर थांबेनात. उशीर झाला की साइटवाले खूण काढतात. मी शेवटची पुटं चुकवली आणि माल पाकिटांत भरला. आमसूल बोटांत दाबून पाहिलं होतं मी. मऊ लागलं. हाताला कळलं होतं, पण हाताचं ऐकलं नाही. विश्वासू विक्रेता म्हणवून घेण्यासाठी कच्चा माल पाठवला — आहे की नाही गंमत?

तक्रारी आल्या, फोटोंसकट. पाकिटात पांढरी लव. साइटवाल्यांनी मला विचारलं, खुलासा करा, नाहीतर खूण जाईल. त्यात एक साधा प्रश्न होता — हा माल तुम्ही स्वतः केलात, की दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतलात? दुसऱ्याचा असेल तर जबाबदारी त्याची.

मी सुनंदावहिनीचं नाव लिहिलं.

घाईत लिहिलं, सुचलं नाही, डोकं फिरलं होतं — असलं काही नाही. समोरचा चहा गार झाला तोवर विचार केला आणि मग लिहिलं. ती गावाला राहते, तिचा पसारा लहान, तिला काय फरक पडतो, माझं मात्र सगळं यावर उभं आहे — असा तो विचार होता. चांगला पद्धतशीर.

साइटवाल्यांनी मग तिला विचारलं, आमसुलाला बुरशी आल्याची तक्रार आहे, या विक्रेतीला तुम्ही माल दिला होता का? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, कुठला माल, कधीचा, दाखवा पुरावा. वहिनीने लिहिलं, 'होय, दिला होता.' कारण दिला होताच ना. उसनं दिलेलं नाकारायचं ही रीतच नाही तिच्या घरात. त्या एका 'होय'वर तिचं दुकान बंद झालं.

त्याआधी तिने मला फोन केला होता. खरी गोष्ट ही आहे, इतका वेळ मी हिच्याभोवतीच फिरते आहे. नाव लिहिलं तो एक प्रकार झाला, तिथे समोर माणूस नव्हतं. इथे तिचा आवाज होता. म्हणाली, "शुभा, माज्या आमसुलाला बुरशी आली म्हंतात. खरा काय गो?"

एक शब्द पुरला असता. नाही. तुझ्या नाही, माझ्या.

मी म्हटलं, "आली असेल वहिनी. यंदा हवाच तशी आहे."

आणि तिने ते मानलं. स्वतःच्या हातांवरचा तिचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला. पुढच्या रविवारी मी गावाला गेले, तर ती परसात होती. बरण्या बाहेर काढलेल्या. सगळा हंगाम गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतत होती — 'कुनाच्या पोटात गेला तर?' मी एक आमसूल उचलून पाहिलं. सुकं, काळं, अगदी पोटापर्यंत. तेव्हाही बोलता आलं असतं. मी काय केलं असेल? तिला वाकायला त्रास होतो म्हणून टोपली धरली. दोघींनी मिळून ओतलं.

मग मी उदार झाले. म्हटलं, वहिनी, यापुढे तुझा माल माझ्या नावावर विकू, मी आहे ना. ती रडली. तेव्हापासून तिचं आमसूल माझ्या हिरव्या खुणेखाली जातं. लोक लिहितात, असं आमसूल दुसरीकडे मिळत नाही. बरोबरच लिहितात. आणि वहिनी भेटेल त्याला सांगते, साइटवाल्यांनी टाकलं पण शुभाने सांभाळलं. हळदीकुंकवाला गेले तर चार बायकांत आधी माझी ओटी भरते. मी पदर पुढे करते. करतेच दरवेळी.

गेल्या आठवड्यात ती रत्नागिरीत आली होती, डोळे तपासायला. माझ्याकडे जेवली. जेवण झाल्यावर पर्समधून फोन काढला. तिच्या भाचीने तिला सांगितलंय, बंद झालेलं दुकान अर्ज करून परत उघडता येतं, जुनी तक्रार साइटवाले नव्याने तपासतात. मला विचारायला लागली, जरा लाजतच, या वयात हौस कशाला असं म्हणतील म्हणून असेल — "परत माजा नाव लावूया काय गो?"

नव्याने तपासतात. म्हणजे मला परत विचारणार.

मी ताटं उचलत म्हटलं, "कशाला वहिनी? जुनं उकरून काढतात ते. नाही ते बोलतील, परत तुलाच मनस्ताप."

तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"तू सांगतंस म्हंजे तसाच आसंल," म्हणाली.

जाताना यंदाचं आमसूल ठेवून गेली. मी त्याची पाकिटं केली, वर माझ्या नावाची लेबलं लावली. आज सकाळी कुरिअरवाला घेऊन गेला.