वाढत्या अंगाचा स्टोव्ह

उल्हासकाकांनी आयुष्यात कुठलीच वस्तू मापाची घेतली नाही. कपडे, कुकर, गाडी, घर, सगळं वाढत्या अंगाचं. आम्ही नवराबायको अमेरिकेत, पार्सिपनीत त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा त्यांनी आणून दिलेली वांग्याची भाजी आम्ही आठवडाभर खात होतो. काका मूळचे नागपूरचे, पाहुण्याला काही कमी पडणं त्यांच्या लेखी पाप. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसावं. ते आधी मोठं अंथरूण आणतात आणि मग पायांची वाट बघतात.

मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळात आमच्या भागातली वीज गेली. हीटिंग गॅसवरचं असलं तरी त्याचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे घरं गारठली. काकांची बायको, शैलजाकाकू, कोट घालून दोन ब्लँकेटांत बसून होत्या. त्यांना संधिवात आहे. वीज आल्यावर मी भेटायला गेले, तर बोटं सुजून लाटणंही धरता येत नव्हतं. काकांनी तिथेच जाहीर केलं की लाकडावर चालणारा वुड स्टोव्ह घ्यायचा. मला वाटलं, चला, एकदाचं काहीतरी काकूंसाठी होतंय.

कसलं काय! काकांच्या मनात होता शंतनू. हा त्यांचा एकुलता एक मुलगा बायको दीपा आणि मुलगी अनिका यांच्यासह टेक्ससमध्ये, प्लेनोला राहतो. उन्हाळ्यात येऊन जातो, हिवाळ्यात कधीच नाही. एकदा तो म्हणाला होता की वरच्या खोल्या फार गार असतात, अनिकाला सोसत नाही. काकांनी ते वाक्य मनाशी धरून ठेवलं. वर ऊब आली की नात नाताळला येणार, हा त्यांचा हिशेब. काकूंची बोटं हे निमित्त, आणि ह्याचा मला मनापासून राग आला.

स्टोव्ह बघायला आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने विचारलं, तुम्ही जास्त वेळ कुठल्या खोलीत बसता? काका म्हणाले, सगळ्या घरात. काकू एका छोट्या स्टोव्हपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तो पेटलेला असावा तसे त्यावर हात धरून बघत होत्या. काकांनी दुकानातला सगळ्यात मोठा घेतला. तुमच्या खोलीला ह्याची धग जास्त होईल, असं दुकानदार एकदा म्हणाला. गाडीत काका मला समजावत होते की ऊब जास्त झाली तर कमी जाळता येतं, पण कमीच पडली तर काय करणार? ते इतकं बरोबर वाटलं की मीही मान डोलावली.

खालच्या फॅमिली रूममध्ये, जुन्या फायरप्लेसच्या जागी तो हत्ती बसला. खाली दगडी फरशी, भिंतीपासून अंतर, टाउनशिपची तपासणी, सगळं यथासांग. ऊब जिन्याने वर जाईल असा काकांचा अंदाज होता. पण जिना कोपऱ्याआड, त्यामुळे ऊब जिथल्या तिथे बसून राहिली. ऐन डिसेंबरात खाली खिडकी उघडी टाकून काका बनियनवर, आणि वरच्या खोल्या होत्या तशाच गार. काकूंच्या तोंडाला धग सोसेना. त्या शाल घेऊन स्वयंपाकघरामागच्या आपल्या छोट्या खोलीत परत गेल्या. मग काकांनी हवा कमी करून आग मंद ठेवली, तर लाकूड नुसतं धुमसायला लागलं, स्टोव्हच्या दाराची काच काळीकुट्ट झाली आणि घरभर धुराचा वास. तेव्हा कुठे काकांनी मॅन्युअल उघडलं. हे स्वतः रिटायर्ड इंजिनिअर! त्यात स्पष्ट लिहिलं होतं की असं धुमसत ठेवू नका, धुराचं डांबर धुरांड्यात साचतं आणि ते पेटू शकतं. काकांनी स्टोव्ह बंद केला.

तरी हार मानतील तर ते काका कसले? त्या रविवारी मी चहाला गेले होते, तेव्हा त्यांनी शंतनूला स्पीकरवर फोन लावला. ऊब वर ढकलायला पंखे बसवतो, तुम्ही तिकिटं काढा, असं त्यांचं चाललं होतं. शंतनू म्हणाला, "बाबा, थंडीचं सोडा. ख्रिसमसला आम्ही दरवर्षी ह्यूस्टनला दीपाच्या पेरेंट्सकडे जातो. तुम्हाला डायरेक्ट नाही म्हणवेना, म्हणून तेव्हा थंडीचं सांगितलं. सॉरी."

काका बरं बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात काकूंना पंखे कुठे लावायचे ते सांगायला लागले.

"अहो," काकू म्हणाल्या, "थंडी त्याला वाजत नाही. मला वाजते. आणि मी मागच्या खोलीत बसते."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. काका काकूंच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी ड्रॉवरमधून मेजर टेप काढली आणि मागच्या खोलीत जाऊन काकूंना विचारलं की तुझी खुर्ची कुठे असते. माझा राग तिथेच विरघळला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ते विचारावं लागलं, ह्याचं वाईटही वाटलं.

मोठा स्टोव्ह पेनसिल्व्हेनियातल्या एका सुताराने त्याच्या वर्कशॉपसाठी नेला. मागच्या खोलीवर मजला नाही, त्यामुळे दुकानातून आणलेल्या त्या छोट्या स्टोव्हचं धुरांडं छपरातून सरळ वर काढता आलं. जागा काकूंनी ठरवली. काकांचा ऐसपैस रिक्लायनर तिथे मावत नाही, म्हणून ते स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून बसतात आणि पाठ दुखते म्हणून कुरकुर करतात.

फेब्रुवारीत मी तिथेच बसले असताना शंतनूचा फोन आला. मार्चमध्ये अनिकाला सुटी आहे, यायचं बघतोय म्हणाला. आणि सहज विचारलं, "नवा स्टोव्ह लावलात ना? आता वर वॉर्म होतं का?"

काकांना हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," ते म्हणाले. "तो तुझ्या आईसाठी आहे. वर थंडीच असते. याल तेव्हा स्वेटर आणा."