चेगू सुहैमींची आक्रमक कारकीर्द

वान सुहैमींनी आयुष्यात एकच गोल केला होता, आणि तोही स्वतःच्याच संघावर. तरुणपणी ते राज्याच्या दुय्यम संघात उजव्या बाजूचे बचावपटू होते. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा, मैदानाबाहेर घालवायचा आणि टाळ्यांची वाट न बघता आपल्या जागी परत यायचं, एवढाच त्यांचा खेळ. टाळ्या कधी आल्याच नाहीत, त्यामुळे वाट न बघणंही सोपं गेलं. पुढे गुडघ्याने दगा दिला, तेव्हा ते पासिर तेलुकच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले. गाव त्यांना 'चेगू' म्हणायला लागलं. मास्तरांना आमच्याकडे चेगूच म्हणतात.

भूगोलातून त्यांना ओढून मैदानावर आणलं ते हाजी देरामान यांनी. हाजींचा केरोपोकचा, म्हणजे मासळीच्या पापडांचा, मोठा कारखाना होता. गावच्या फुटबॉल क्लबचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं आणि येत्या निवडणुकीत जिल्हा परिषदेत जाऊन बसायचं त्यांच्या मनात होतं. क्लब मात्र कित्येक मोसम तळाला रुतून बसला होता. हरणाऱ्या संघाच्या अध्यक्षाला कोण निवडून देणार? पुतणीच्या लग्नाच्या जेवणात हाजी ध्वनिक्षेपक हातात घेऊन उभे राहिले आणि चेगूंच्या तोंडात भाताचा घास असतानाच त्यांनी जाहीर करून टाकलं, "आपले नवे प्रशिक्षक, चेगू वान सुहैमी!"

घास गिळेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

"तोक हाजी, मला फक्त बचाव शिकवता येतो," चेगूंनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं.

"शिकवा की! कोण नको म्हणतंय? फक्त गोल झाले पाहिजेत."

संघात सगळी होड्यांवर काम करणारी पोरं. अकरापैकी दहा जण स्वतःला फॉरवर्ड समजत. अकरावा गोलकीपर दाउद, आणि तो गोलमध्ये उभा राहायचा ते इतर कोणी राहत नाही म्हणून. फौझी नावाचा त्यांचा हिरो होता. त्याला मागे पळायला सांगणं म्हणजे आईवरून शिवी दिल्यासारखं. चेगूंनी वाळूत रेघा मारून बचावाची रचना समजावली. पोरांनी माना डोलावल्या, आणि मग त्याच रेघांवरून चेंडू लाथाडत सगळे समोरच्या गोलकडे पळाले.

पहिल्या सामन्यात त्यांनी मध्यंतरापर्यंत कसंबसं चेगूंचं ऐकलं. तीन गोल खाल्ले, एकही केला नाही. मध्यंतरात पोरं खाली मान घालून बसली, फौझी तर चेगूंकडे पाठ करून.

चेगू वैतागले. "जा. काय हवं ते करा. मला विचारू नका."

पोरं उधळली. दहाच्या दहा जण समोरच्या गोलवर तुटून पडले. पलीकडच्या बचावाला इतक्या माणसांना धरायचं कसं हेच कळेना. सात-चारने सामना जिंकला. लाउडस्पीकरवाल्याचा आवाज बसला, आणि चेगूंना खांद्यावर घेण्याच्या नादात त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर कोणीतरी पाय दिला.

त्यानंतर थांबणं नव्हतंच. सहा-पाच. आठ-तीन. पाच-चार. जिल्ह्यातल्या वर्तमानपत्राचा बातमीदार आला.

"चेगू, तुमच्या आक्रमणाचं सूत्र काय?"

"सूत्र वगैरे काही नाही हो," चेगू खरं तेच बोलले.

दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'सूत्र गुप्तच : चेगू सुहैमी'. शेजारी फोटो, डोकं दोन्ही हातांत धरून बसलेल्या चेगूंचा. दाउदच्या पायांमधून चेंडू गेला त्या क्षणी तो टिपला होता. खाली छापलं होतं, 'पुढच्या चढाईचा विचार करताना'.

गाव हवेत गेलं. कॉफीच्या दुकानाची मालकीण काक नाब हिने हिरव्या मिरच्या दुप्पट घालून 'आक्रमण भात' विकायला काढला. लोक डोळ्यांतून पाणी काढत तो खायचे आणि वर सांगायचे, यात दम आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर भाषण ठोकलं की विद्यार्थ्यांनी प्रश्नपत्रिकेवर आक्रमण करावं. मुलांनी केलं. निकाल नेहमीसारखाच लागला. हाजी देरामान तर दर गोलनंतर ध्वनिक्षेपक हातात घ्यायला लागले. गोल झाला की कारखान्याची पोरं केरोपोकची पाकिटं गर्दीत उधळायची आणि ती झेलताना लोकांच्या कानावर हाजींची दोन वाक्यं पडायची. तिसऱ्या गोलपर्यंत रस्ता व्हायचा, पाचव्याला नदीवरचा पूल, आठव्याला दवाखाना.

घरी चेगूंची बायको कालसोम शिलाई मशीनवर बसलेली असायची.

"अहो अबांग, आज आठ मारले म्हणे तुमच्या पोरांनी. मग तोंड का असं?"

"तीन खाल्ले, कालसोम. तिन्ही फुकटचे."

"जिंकून तोंड पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. जा, हातपाय धुवा. शेजारची तिसऱ्यांदा येऊन गेली, तिच्या जावयाला संघात घ्या म्हणते."

"खेळतो का तो?"

"नाही. पण आक्रमक आहे म्हणे."

खोटं कशाला बोला, हळूहळू चेगूंनाही ते गोड लागायला लागलं. दुकानात शिरलं की लोक खुर्ची रिकामी करायचे. चहाचे पैसे घ्यायला काक नाब हात पुढे करायची नाही. जन्मभर ज्याच्या खेळावर कोणी टाळी वाजवली नाही, त्या माणसाला आता नुसतं खाकरलं तरी टाळी मिळायची. शिक्षकांच्या मेळाव्यात त्यांनी 'आक्रमण : एक जीवनदृष्टी' या विषयावर तासभर व्याख्यान दिलं. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच पटत गेलं. कुठेही जाताना ते काळा चष्मा लावायला लागले. कालसोमने विचारलं तेव्हा म्हणाले, उन्हाचा त्रास होतो. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

अशातच एका दुपारी दाउद घरी आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मासा. बसला. कालसोमने सरबत आणून दिलं, ते तसंच राहिलं.

"चेगू," शेवटी तो म्हणाला, "मासळी बाजारात मला सगळे 'उघडं फाटक' म्हणतात. काल एका बाईने मला जाळं विकत घेऊन दिलं. म्हणाली, गोलमध्ये लाव, तुझ्यापेक्षा बरं अडवेल."

चेगू हसले. "चेष्टा रे. जिंकतोय ना आपण?"

"तुम्ही जिंकताय. मी दर शुक्रवारी हरतो."

चेगूंनी चष्मा काढला.

"माझ्यासमोर कोणी नसतंच, चेगू. चेंडू तिकडून सुटला की चार-चार जण माझ्यावर चालून येतात आणि आपली माणसं कुठे? तिकडे लांब, कंबरेवर हात ठेवून बघत असतात. तुम्ही बचाव खेळायचात ना? माझा बाप सांगायचा. म्हणायचा, सुहैमी असला की गोलकीपरने डुलकी काढावी." दाउद उठला. "शिकवत का नाही मग?"

तो गेल्यावर कालसोम मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "तुमच्या खेळाबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी चांगलं बोललं. त्याला मासा घेऊन यावं लागलं."

पुढचा सामना बुंगोर गावाशी होता आणि तो संघ तगडा होता. चेगूंनी चार जणांना निवडून भल्या पहाटे, होड्या निघायच्या आधी, मैदानावर बोलावलं. माणूस कसा धरायचा, चेंडूकडे नाही तर पायांकडे कसं बघायचं, एक पुढे गेला की दुसऱ्याने मागे कसं सरकायचं, सगळं हाताला धरून शिकवलं. फौझीला मागे खेचणं हेच अवघड होतं. त्याला चेगू एवढंच म्हणाले, "बुंगोरचा नऊ नंबरवाला सांगत फिरतोय, 'फौझी पुढेच पळतो, कारण मागे पळाला की त्याला नुसती माझी पाठ दिसते.'"

"कोण म्हणतो? माझ्या तोंडावर म्हणू दे!"

नऊ नंबरवाल्याने असलं काही म्हटलं नव्हतं. पण त्या शुक्रवारी फौझी त्याच्या सावलीसारखा मागे लागला. जिथे तो जाईल तिथे फौझी. पाणी प्यायला गेला तिथेही फौझी. कॉर्नरवरून आलेला एक चेंडू फौझीच्याच खांद्याला लागून बुंगोरच्या गोलमध्ये गेला, तेवढाच गोल. बाकी सारा वेळ चेगूंची चार माणसं भिंतीसारखी उभी राहिली. एकदाच एक फटका त्यांच्यातून निसटला. दाउदने अंग झोकून तो बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर ढकलला. चेगू बाकावरून ताडकन उठले आणि गुडघा विसरून नाचले. तरुणपणीही ते कधी असे नाचले नव्हते.

एक-शून्य. शिट्टी वाजली तशी दाउदने गोलच्या खांबाला मिठी मारली आणि ढसाढसा रडला.

मैदानात मात्र कोणी मेल्यासारखी शांतता. लाउडस्पीकरवाला चाचरत म्हणाला, "सामना... बहुतेक... संपलेला आहे." केरोपोकची पोती तशीच तोंड बांधून पडली होती, कारण उधळली होती एकाच गोलपुरती पाकिटं. मागून कोणीतरी ओरडलं, "पापड कुठायत?" हाजी देरामान यांचं भाषणही दोन वाक्यांवर अडलं होतं. रस्ता होणार एवढं त्यांनी जाहीर केलं होतं, पण तो कुठे जाणार हे दुसऱ्या गोलनंतर सांगायचं होतं.

पुढच्या सामन्यातही एक-शून्यच झालं. संघ गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर गेला, आणि काक नाबच्या दुकानात बैठक बसली.

"चेगू, काही टेन्शन आहे का घरी?" हाजींनी मायेने विचारलं.

"नाही, तोक हाजी. आपण पहिले आहोत."

"पहिले आहोत हो. पण कसे पहिले आहोत? लोक विचारतात, आमचं काय चुकलं? सासरची माणसं घेऊन आलो सामन्याला आणि बघायला काय मिळालं, तर चेंडू बाहेर, चेंडू बाहेर, चेंडू बाहेर!"

"एकही गोल खाल्ला नाही आपण."

"न झालेला गोल दिसतो का कोणाला?" हाजींनी टेबलावर हात आपटला. "त्याच्यावर टाळी वाजवायची कधी, ते तरी सांगा!"

काक नाबने भर घातली. "माझा भात पडून राहिला, चेगू. अंगात रग आली तरच माणूस एवढी मिरची खातो ना."

मुख्याध्यापक म्हणाले, चेगूंची प्रतिभा थकली आहे आणि हे मोठ्या माणसांच्या बाबतीत होतं. मग चेगूंना बढती देऊन 'आजीव सल्लागार' करण्यात आलं. या पदाला मैदानात पाय ठेवायची गरज नव्हती. खरं तर परवानगीच नव्हती.

राजधानीतून नवा प्रशिक्षक आणला. त्याच्या गळ्यात दोन शिट्ट्या होत्या. पहिल्याच सामन्यात संघ नऊ-सहाने हरला आणि लोक नाचत घरी गेले. सहा वेळा पाकिटं उडाली, पुलाचं आश्वासन पूर्ण झालं. मोसम संपला तेव्हा पासिर तेलुक पाचवा होता आणि हाजी देरामान जिल्हा परिषदेत होते. आपल्या क्लबने सगळ्यात जास्त गोल केले म्हणून हाजींनी एक चषक तयार करवून घेतला, तो स्वतःच दिला आणि अध्यक्ष या नात्याने स्वतःच स्वीकारला. त्याच समारंभात 'आक्रमणाचे जनक' म्हणून चेगू सुहैमींच्या खांद्यावर सोंगकेत, म्हणजे मानाचं जरीचं वस्त्र, घातलं गेलं. ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात आला.

कालसोम दुसऱ्या रांगेत बसली होती. नवरा आता काहीतरी बोलणार, हे त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या तेव्हाच तिला कळलं.

"या संघाचा सगळ्यात चांगला सामना," चेगू म्हणाले, "बुंगोरविरुद्धचा होता. एक-शून्यचा."

हाजी देरामान खदाखदा हसले, आणि त्यांच्यामागून सगळा मांडव. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. लाउडस्पीकरवाला म्हणाला, "बघा! आमचे चेगू किती गमतीशीर!"

"मी गंमत करत नाहीये," चेगू म्हणाले. त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. फौझीसुद्धा पोट धरून हसत होता, कारण बाकीचे हसत होते.

चेगू खाली उतरले. मांडवाच्या टोकाला दाउद उभा होता, न हसता.

"चेगू, मी संघ सोडला. खाडीपलीकडच्या गावात जातोय पुढच्या मोसमाला. छोटा क्लब आहे. परवा विचारत होते, गोलमध्ये उभा राहतोस का, आमचे लोक मागे येऊन मदत करतील." तो थोडा घुटमळला. "त्यांना प्रशिक्षक नाहीये."

"अध्यक्ष कोण आहे?"

"आहे एक म्हातारा. त्याला ऐकू येत नाही."

"आणि सामन्याला किती लोक येतात?"

"लोक कसले, चेगू! चार-पाच बकऱ्या असतात चरत."

चेगूंनी सोंगकेत उतरवून नीट घडी केली आणि मागून आलेल्या कालसोमच्या हातात दिलं. तिने ते बोटांनी चाचपून पाहिलं. "कापड चांगलं आहे," ती म्हणाली, "उशांचे अभ्रे होतील." मग दाउदकडे वळून तिने विचारलं, "सरावाला पहाटे जायचं असेल ना रे? होडी किती वाजता सुटते तुमची?"