आमची रडकी मंडळी

परवा एका लग्नात आम्ही जुनी माणसं एकत्र आलो. जेवणं उरकली, पानं लागली आणि कुणीतरी म्हणालं, "मास्तर, ती विहिरीवरची गोष्ट सांगा की!" झालं! आमच्या किश्शांचं असंच आहे. एक काढायला जावं, तर त्याचा पदर धरून दुसरा हजर. मांडव सोडायची वेळ झाली, तरी आमचं चाललेलंच!

गोष्ट चाळीस सालानंतरची. जामखेडकडच्या एका गावात मी मिशनच्या शाळेवर मास्तर होतो. आमच्या चर्चची चार-पाच जणांची एक गाणारी मंडळी होती. कुणाच्या घरी मयत झाली, कुणावर संकट आलं, की आम्ही ढोलकी आणि झांजा घेऊन तिथं जायचो. गायचो ती स्तोत्रंसुद्धा निवडक. ज्यात माणूस देवाचा हात धरून विचारतो, 'इतके दिवस होतास कुठं तू?' तसली! गावानं आमचं नावच पाडलं, 'रडकी मंडळी'.

मार्थाबाई आमच्या पुढारी. विधवा बाई, गळा खणखणीत. ढोलकीवर दाऊदमामा. झांजा माझ्याकडे, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

* * *

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तेव्हा नुकतेच ट्रेनिंग संपवून आलेले. पहिलीच मयत एका तरण्या पोराची. त्याची आई ऊर बडवून रडत होती. साहेब तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, रडू नका. प्रभूची इच्छा."

बाई बिचारी साधी. साहेबांनी सांगितलं म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला आणि गप्प झाली. सगळं घर चिडीचूप!

मार्थाबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमचं ऐकलं तिनं. आता देवाला काय ऐकू जायचं?"

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि तिथंच, त्या बाईसमोर, जमिनीवर बसले. आम्ही स्तोत्र सुरू केलं. पहिल्याच ओळीला बाईनं पदर सोडला.

* * *

दाऊदमामाचा हात ढोलकीवर बसला की त्याला आवरणं कठीण. स्तोत्र संथ असो, दुःखाचं असो, तिसऱ्या कडव्याला मामा तमाशाच्या फडात पोचलेला असायचा!

एकदा एका म्हाताऱ्या गवंड्याच्या मयतीला गेलो. हा गवंडी जन्मभर मामाच्या शेजारी राहिलेला, आणि जन्मभर त्या ढोलकीवरून भांडलेला. आम्ही गायला लागलो. मामाच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हात मात्र सुसाट!

गवंड्याची म्हातारी मान खाली घालून बसली होती. एकदम तिनं मान वर केली आणि म्हणाली, "दाऊद, जरा हळू वाजव रं! आत्ता उठून बसतील आन् शिव्या घालतील तुला!"

आणि हसली. मग जी रडली, ती पोटभर रडली. मामानं ढोलकी बाजूला ठेवली आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं गळा काढला.

* * *

आता ती विहीर. बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, तरी गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच. गावविहिरीवर आमची घागर चालत नसे. आमचा ओढ्यातला झरा उन्हाळ्यात आटला, की बायकांनी विहिरीपासून लांब घागरी मांडून बसायचं. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. त्या वर्षी कुणाला दयाच येईना!

मार्थाबाईंनी सकाळीच मंडळी गोळा केली. म्हणाल्या, "चला, घागरींजवळ बसून गाऊ." साहेबही आले. आम्ही जे सुरू केलं ते उन्हं चढेपर्यंत! शेवटी पाटील वैतागून आले.

"काय लावलंय हे?"

"तुमची तक्रार करतोय, पाटील," मार्थाबाई म्हणाल्या.

"कुणाकडं? मामलेदाराकडं?"

"त्याच्या वर."

"कलेक्टरकडं?"

"त्याच्याबी वर!"

पाटलांनी नकळत आभाळाकडे पाहिलं. मग आल्या वाटेनं परत गेले. पण त्यांच्या मागं पाटलीणबाई उभ्या होत्या. त्या पुढं झाल्या, पोहरा ओढला आणि एकेक घागर भरायला लागल्या. वरूनच ओतत होत्या, शिवून घेत नव्हत्या, पण भरत होत्या. शेवटची घागर भरल्यावर हळूच विचारलं, "आता मागं घेतली का वं तक्रार?"

मार्थाबाई म्हणाल्या, "पाण्याची घेतली, बाई. वरून ओतल्याची तशीच ठेवलीय."

* * *

मग साहेबांवरच वेळ आली. त्यांची बायको तापानं गेली. आम्ही घरी गेलो, तर हात जोडून म्हणाले, "गाऊ नका." आम्ही नुसते बसून राहिलो.

रविवारी चर्चमध्ये वाटलं, आज काही साहेब येत नाहीत. पण आले. वर उभे राहिले आणि म्हणाले, "आज सर्मन नाही. आज मला देवाशी भांडायचंय. ज्यांना ऐकवणार नाही, त्यांनी घरी जावं."

कुणी हललं नाही. साहेब "का?" एवढंच म्हणाले आणि अडकले. पुढं शब्दच फुटेना.

मागच्या बाकावरून दाऊदमामा ओरडला, "म्हना साहेब! आमी हाय मागं!"

मग साहेब बोलले. काय काय बोलले ते इथं सांगत नाही, ते त्यांचं आणि देवाचं. खाली उतरले तेव्हा मार्थाबाई म्हणाल्या, "साहेब, आज तुमची प्रार्थना पहिल्यांदा शेवटच्या बाकापर्यंत पोचली."

* * *

आमच्यात एक सगुणाबाई होती. तिचा एकुलता एक मुलगा शांतवन पलटणीत गेला, बर्माच्या लढाईत हरवला. मेला म्हणून कळलं नाही, आहे म्हणूनही नाही.

आमचं एक नेहमीचं स्तोत्र होतं. अर्ध्यापर्यंत नुसती तक्रार, पुढच्या अर्ध्यात देवाचे उपकार. सगुणाबाई तक्रार आमच्याबरोबर जीव ओतून म्हणायची आणि उपकार आले की तोंड मिटून बसायची. साहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ते त्यानं पोरगं आणलं की म्हनीन." लढाई संपली, पलटणी परतल्या, स्वराज्य आलं. सगुणाबाई तिथंच थांबलेली!

एका दुपारी खर्ड्याच्या वाटेवरच्या वस्तीतून बोलावणं आलं. पटकीच्या साथीत एका पोरसवदा बाईचं तान्हं लेकरू गेलं होतं. ती भिंतीला टेकून बसलेली. डोळे कोरडे, नजर कुठं नाही. मार्थाबाई त्या दिवशी आजारी होत्या, म्हणून सगुणाबाईनंच सुरुवात केली. तिच्याजवळ सरकून बसली आणि म्हणायला लागली. ती पोरगी तिच्या तोंडाकडे बघत, अडखळत, एकेक शब्द मागून म्हणायला लागली. म्हणता म्हणता तिचं डोकं सगुणाबाईच्या मांडीवर आलं आणि बांध फुटला.

तक्रार संपली. सवयीनं सगुणाबाई थांबली. आम्हीही थांबलो. पोरगी मान वर करून तिच्याकडेच बघत राहिली.

आणि सगुणाबाईनं पुढचं उचललं. फाटक्या आवाजात, एकटीनं, शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्या हातातल्या झांजा तशाच राहिल्या.

परतताना दाऊदमामाला राहवलं नाही.

"सगुणा, शांतवनची काही खबर आली व्हय?"

"न्हाई."

"मग आज पुढचं कसं म्हनलीस?"

सगुणाबाई चालतच होती. म्हणाली, "तिला येत न्हवतं ना."