हिरेमठ मॅडमचे पंचवीस अंश

हिरेमठ मॅडम प्रयोगशाळेत आल्या की आधी यंत्रातल्या दोन्ही सिरिंजना उलटा हात लावायच्या, पोराचा ताप बघावा तसा. एका सिरिंजमध्ये एन्झाइम, दुसरीत त्याचं खाद्य. यंत्र दोन्ही एकदम ढकलायचं आणि अभिक्रियेची पहिली पायरी पापणी लवायच्या आत उरकायची. तिचा वेग मोजण्यात बाईंचं आयुष्य गेलं.

"पंचवीस अंश हाय का बग की आधी! गरम झालं की वेग वाढतोय," हे दिवसातून दहादा. मूळच्या कानडी सीमेवरच्या मैंदर्गीच्या. वर्गात शुद्ध मराठी, आमच्यात गावाकडची, आणि मी वाद घातला की कानडीत "साकु!" म्हणजे पुरे. मी त्यांचा शेवटचा पीएच.डी.चा विद्यार्थी. "लई घाई तुला," म्हणायच्या. खरंच होतं ते.

त्या मे महिन्यात मॅडम आठवडाभर पुण्याला गेल्या होत्या. सोलापुरात रोज दुपारी वीज जायची. यंत्र इन्व्हर्टरवर चालायचं, पण सिरिंजभोवतीचं पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडायचा. मी थर्मामीटर न बघताच वहीत पंचवीस लिहीत गेलो. कोण मेलं बघतंय! त्याच आकड्यांवर मॅडमचा निवृत्तीआधीचा शेवटचा शोधनिबंध छापून आला.

वर्षभरात परदेशातून पत्र आलं: तुमचे वेग आमच्या दुपटीहून जास्त येतात. मॅडमनी माझी वही चाळली.

"चिलर चालू होता?"

"हो, मॅडम."

त्यांनी वही मिटली. निबंध मागे घेतला, आणि उत्तराच्या पत्रात स्वतःबद्दल लिहिलं, "मोजमापात चूक माझी झाली." विभागात लोक गालातल्या गालात हसले. निरोप समारंभाला चार माणसं होती. माझ्या प्रबंधातून तेवढं प्रकरण त्यांनी काढायला लावलं. उरलेल्यावर मला डिग्री मिळाली, नोकरीही मिळाली. मनातून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी मॅडम दवाखान्यात असल्याचं कळलं. गेलो. नुसती हाडं उरली होती. म्हणालो, "मॅडम, चिलर बंद होता. मी खोटं बोललो."

"ठाऊक हाय की. आकडे बघूनच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

मला रडू फुटलं. मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग रे? ज्यांनी विचारलं, त्यांना सांग."

चौथ्या दिवशी मॅडम गेल्या. परदेशी पाठवायचं ते पत्र मी अजून लिहिलेलं नाही.